अर्धा मिनिट उशिरा पडणारी विकेट

आमच्या नांदेडच्या गल्लीत फायबर आलं तेव्हा पहिली वायर माझ्या घरात शिरली. शेवईएवढी बारीक. त्या शेवईतून सहाशे चॅनल येतात असं जोडणारा म्हणाला. मी पुढं सगळ्यांना हजार सांगितले. पहिल्या दिवशी सकाळी एका टोकापासून चॅनल बदलत निघालो, तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दाढी वाढली आणि अंगठ्याच्या रेघा पुसल्या गेल्या. रेशन दुकानातलं मशीन आता मला ओळखायचं नाही.

पहिला महिना फुकट, पुढं केबलच्या अडीचपट. घ्यायचं की नाही हे महिनाभरात ठरवायचं होतं. टीव्ही लावला की पडदाच विचारायचा, कोण बघत आहे? खाली पाच गोल. बायको जाऊन दोन वर्षं झाली. एका गोलात माझं नाव टाकलं, बाकीचे चार तसेच राहिले. ते रोज माझ्याकडं बघायचे.

पण मॅच मी कधी एकट्यानं बघत नाही. लातूरला माझा मेव्हणा आहे, बायकोचा धाकटा भाऊ. हार्डवेअरचं दुकान. मॅच असली की त्यानं दुकानातला टीव्ही लावायचा, मी घरातला, आणि दोघांनी फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवायचा. त्याचा आवाज असा की विकेट पडली की तिकडं रॅकवरचे नट सुटतात आणि इकडं माझ्या कपातला चहा बशीत उतरतो. बायको मॅच बघायची नाही. पण मध्येच स्वयंपाकघरातून ओरडायची, “त्याला विचारा, जेवला का.” मी विचारायचो, तो हाव म्हणायचा. खोटंच. ती गेल्यावर तो प्रश्नही बंद पडला. आता मॅच नसली की आम्हाला एकमेकांना फोन करायला कारण नसतं.

फायबर आल्यावर त्याला मी काय काय सांगितलं. म्हटलं, “शेठ, चेंडूची शिवण मोजून घे. स्टेडियममध्ये मागच्या रांगेतला माणूस कोणती सुपारी खातो ते दिसतंय.”

“मग आमचा केबलचा डब्बा फेकू का दाजी?”

“फेक. भंगारवाला तरी घेतो का बघ.”

पहिल्याच मॅचला तिकडून गर्जना आली. “गेला दाजी, गेला.”

“कोण गेला? इथं तर बॉलर अजून पॅन्टला बॉल घासून राहिला.”

 मग तो म्हणाला, “तुमचा टीव्ही कंधारच्या एसटीत बसून येतो का?”

इंटरनेटवरनं येणारी मॅच अर्धा मिनिट मागं असते, हे मला तेव्हा कळलं. पण हरणार कसा? म्हटलं, “अरे, तुझ्याकडं येते ती कच्ची. आम्हाला निवडून, चाळून देतात. त्याचेच तर पैसे.”

तो हसला. पण पुढच्या मॅचला त्याच्याकडून कॉमेंट्रीच येईना.

“आवाज कुठं गेला रे तुझ्या टीव्हीचा?”

“स्पीकर फुटला दाजी.”

नुसता स्पीकर नाही, मेव्हणाही बंद पडला. ज्याच्या ओरडण्यानं चौकातली जनावरं उधळायची, तो माणूस श्वास धरून बसायला लागला. लातूर गप्प झालं की मला समजायचं, काहीतरी घडलं. मग मी तोंड तयार ठेवून बसायचो. विकेट नांदेडला पोचली की ओरडायचो, आणि तिकडून तो म्हणायचा, “अरे वा, गेला की.” नको असलेला आहेर हातात घेतल्यासारखं. मधल्या षटकांत पूर्वी आम्ही निम्म्या खेळाडूंच्या खानदानाचा उद्धार करायचो. आता तोही नाही, कारण बोलता बोलता त्याच्या तोंडून काही निसटायचं. चित्र आरशासारखं साफ, आणि खोलीत माझ्या एकट्याचा आवाज.

महिना संपत आला तसा कंपनीच्या मुलीचा फोन आला. “सर, सेवा कशी वाटली? पुढं चालू ठेवायची ना?”

मी म्हटलं, “पोरी, पंचाच्या कानातले केस मोजून झाले. पण मॅच लातूरच्या बरोबरीनं येईल असं काही करता येतं का?”

“सर, तसा प्लॅन नाही आपल्याकडं.”

 मी चार रिकाम्या गोलांकडं बघितलं आणि नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी केबल परत जोडून घेतली. मेव्हण्याला मात्र बोललो नाही. हजार चॅनल ज्यानं सांगितले, त्यानं डब्बा परत आणला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

पुढची मॅच. फोन समोर. तिकडून आवाज नाहीच. तिसऱ्या षटकात दांडी उडाली. तोंड उघडलं आणि तसंच धरून बसलो. लातूरही गप्प. विकेट पडलेली, बॅट्समन निघालेला, आणि आम्ही दोघं दोन जिल्ह्यांत श्वास धरून बसलेलो. तो माझ्यासाठी थांबला होता. मी माझ्याच थापेसाठी.

मग राहवेना. “गेला,” मी ओरडलो.

 तिकडून हळूच, “दाजी, आज लवकर आली तुमची.”

“हाव. कंपनीनं सुधारलं.”

“असं का,” तो म्हणाला. “मग माझा स्पीकर पण नीट होऊन राहिलाय बघा.”

आणि कोणी मेकॅनिक न येता लातूरची कॉमेंट्री सुरू झाली. माझ्या टीव्हीच्या अगदी बरोबरीनं, शब्दाला शब्द.

त्या दिवशी आम्ही घसा बसेपर्यंत भांडलो. मॅच संपल्यावर तो म्हणाला, “ठेवू का दाजी?”

“थांब की. बक्षीस समारंभ हाय अजून.”

आयुष्यात आम्ही कधी बक्षीस समारंभ बघितलेला नाही. त्या दिवशी अख्खा बघितला, जाहिरातींसकट. मध्येच मी विचारलं, “जेवला का?”

“न्हाई अजून,” तो म्हणाला.