शिरस्तेदार तेवढे स्वच्छ आले

ठाण्याच्या एका कचेरीत मी नऊ वर्षं कारकुनी केली. एखाद्याची म्हैस दुसऱ्याच्या भातात शिरली, की तिची हकीकत तीन प्रतींत उतरवायची. तिसरी प्रत होईतो कधीकधी म्हैस मरूनही जायची.

विलायतेला परत निघालेल्या एका इंजिनियर साहेबानं सामान विकायला काढलं, त्यातला कॅमेरा मी उचलला. वर्षभर फोटोच्या काचेच्या प्लेटा नासल्या. मग मुंबईच्या एका साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, "प्रसंगांचे फोटो आणा, आम्ही ठसे कोरून छापू." मी लगेच राजीनामा खरडला.

कारकुनांचे मुख्य, आमचे शिरस्तेदार, यांनी तो दोनदा वाचला. "कारण लिहिलं नाहीत."

"कंटाळा आला, असं लिहू?"

"सरकारी कागदावर कंटाळा चालत नाही. प्रकृती लिहा."

प्रकृती लिहिली.

बायको म्हणाली, "म्हणजे आता काळ्या फडक्यात डोकं घालून चारचौघांत उभे राहणार?"

"हो."

"बरं आहे. तोंड तरी दिसणार नाही." आणि तिनं कोठीची खोली रिकामी करून दिली. खिडकीवर घोंगडी टाकून, तांबड्या काचेचा कंदील लावून मी भरदुपारी तिथं प्लेटा धुवायचो. शेजारच्या काकूंनी मी मंत्रतंत्राला लागल्याचं आळीभर कळवलं. बातमीदारीत त्या माझ्या फार पुढे होत्या.

पहिलं काम कल्याणला, नव्या धर्मशाळेच्या उद्घाटनाचं. आमच्या जुन्या कचेरीचे साहेब, धर्मशाळा बांधणारे शेठजी, वकील यांना पायऱ्यांवर उभं केलं आणि चार आकडे मोजेपर्यंत हलू नका म्हणून हात जोडले. साहेबांना माशी चावली, शेठजींना पगडी सारखी करायची होती, वकिलांना गप्प राहणंच जमेना. धर्मशाळा उत्तम आली. पायऱ्यांवर हललेल्या माणसांचा नुसता धूर. त्यात एकच माणूस लख्ख: साहेबांबरोबर आलेले शिरस्तेदार. हात पोटावर, मान खाली, पापणीही हललेली नाही. आयुष्यभराचा सराव!

संपादकांनी कपाळाला हात लावला आणि तेच छापलं. ठसे कोरणाऱ्यानं धुराला अंदाजानं नाकडोळे काढले. शेठजींच्या मिशा साहेबांना गेल्या.

अंक घेऊन शिरस्तेदार माझ्या घरी आले. आता खरडपट्टी, असं मी धरून चाललो.

"घरी दाखवला," ते लाजत म्हणाले. "त्यांना खरंच वाटेना, की एवढ्या माणसांत मी दिसतो."

मी आतून चहा मागवला.

पुढच्या खेपेस संपादक म्हणाले, "जरा जिवंत काही आणा." म्हणून माजिवड्याला कुस्त्यांना गेलो. दोन्ही पैलवानांना म्हटलं, हलू नका. बिचारे एकमेकांची मानगूट धरून थांबले. बघ्यांनी मात्र मला उचलून आखाड्याबाहेर ठेवलं.