हेडक्लार्कांचं स्पॅनिश

उभ्या मुंबईत 'काम झालं का?' हा प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारणारा मराठी माणूस एकच, आणि तो नेमका आमचा हेडक्लार्क असावा हे माझं भाग्य. फोर्टातल्या आमच्या मालवाहतुकीच्या कचेरीत पहिल्याच दिवशी मी पत्रांच्या नकला करत बसलो होतो. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, नाकावर घसरलेला चष्मा अशी एक मूर्ती टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आ तेर्मिनादो एल त्राबाहो?" मी गांगरून उभाच राहिलो. शेवटी लालबागचा आमचा शिपाई मदतीला धावला. "काम झाला काय, म्हणान इचारतत. झाला तर 'सी' म्हणा. नाय झाला तर 'तोदाविया नो'. म्हंजे 'अजून नाय'. माका तर सवयच झाली हा."

ही विद्या त्यांना खोताच्या वाडीतल्या एका मित्राकडून मिळाली होती. मित्र उभा जन्म बोटीवर काढलेला. त्याच्या बोटीचा स्पॅनिश कप्तान दिवसभर खलाशांना एवढंच विचारी, म्हणून मित्राचं स्पॅनिशही तेवढंच. "अहो, मराठीत विचारलं की माणूस कारणं सांगतो," हेडक्लार्कांनी मला एकदा समजावलं. "इंग्रजीत विचारलं की थाप मारतो. स्पॅनिशमध्ये विचारलं की उगीच भानगड नको म्हणून काम करून टाकतो!" त्यांच्या गिरगावातल्या शिंप्याने दिवाळीचा कोट कधी दिवाळीआधी दिला नव्हता. एका वर्षी हे सलग तीन दिवस दुकानाच्या पायरीवर उभं राहून स्पॅनिश बोलले. चौथ्या दिवशी शिंपी स्वतः कोट घेऊन चाळीचे तीन जिने चढून आला. घरी मात्र ही मात्रा चालत नसे. स्वयंपाकघराच्या दारातून प्रश्न आत गेला की वहिनींचं उत्तर येई, "तुमचं त्राबाहो शिजतंय. बसा गप्प."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आम्ही सगळे मुंबईसाठी घसा फोडत होतो, पण हेडक्लार्कांचं दुखणं आणखी पुढचं होतं. त्यांचं गाव बेळगावापासून चार मैलांवर; थोरले भाऊ तिथल्या मराठी शाळेत मास्तर. बेळगावचा कुंदा म्हणजे यांचा जीव की प्राण, आणि गाव महाराष्ट्रात येईपर्यंत तो तोंडात घालायचा नाही असा यांचा पण. चौपाटीच्या सभेत वक्ते पाणी प्यायला थांबले की हे गर्दीत उभे राहून खणखणीत आवाजात विचारत, "आ तेर्मिनादो एल त्राबाहो?" लोकांना वाटे, नवी घोषणा आली. सगळी वाळू गर्जून उठे, "झालाच पाहिजे!" मग हे समाधानाने खाली बसत.

शेवटी महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. कचेरीत पेढे वाटले गेले, शिपाई टेबलावर चढून नाचला. हेडक्लार्क जरा उशिरा आले, हातात पत्र्याचा डबा. कुंदा! आनंदाच्या भरात मी पहिल्यांदाच त्यांना त्यांचाच प्रश्न विचारला, "आ तेर्मिनादो एल त्राबाहो?" आणि विचारल्यावर आठवलं. पेपरातला नकाशा मी पाहिला होता. रेघ त्यांच्या गावाच्या अलीकडूनच गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र हसले. एकेकाच्या हातावर कुंदा ठेवत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "तोदाविया नो. पण तुमचं झालं ना? खा." स्वतः त्यांनी बोटसुद्धा चाटलं नाही.

आता निवृत्त होऊन ते गावी असतात. दर दिवाळीला मी कार्डावर ते एकच वाक्य लिहून पाठवतो आणि आठवड्याभरात त्यांच्या वळणदार अक्षरातले दोन शब्द परत येतात. वाचून हसू येतं, मग ते कार्ड मी आधीच्या कार्डांवर जपून ठेवतो. एखाद्या वर्षी त्या कार्डावर एकच शब्द यावा असं फार वाटतं. मुंबईहून बेळगावला कुंदा न्यायचा म्हणजे शुद्ध वेडेपणा, पण त्या दिवशी मी डबा घेऊन पहिली गाडी पकडीन आणि पहिला घास त्यांना भरवीन.