म्हैस सोडायची दोन मिनिटं

नकाशा कुठलाही असो, साहेब आधी उताराच्या बाजूला बोट ठेवायचे आणि विचारायचे, "खाली कोण राहतं?"

आमचं सर्व्हेचं ऑफिस वसईत, दोन खोल्यांचं. मी पापडीहून सायकलने यायचो, नकाशे काढायचो. साहेब तिथले इंजिनिअर, नायगावला एकटे राहायचे. तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर गणिताचे मास्तरच समजला असता.

नव्वदीच्या अखेरीस एका दगडखाणीचं काम आलं. खडी धुऊन उरलेला गाळ खाणवाल्यांनी डोंगरात मातीचा बांध घालून अडवला होता. तो फुटला तर खाली काय होईल, एवढंच लिहून द्यायचं होतं. खाली ओढ्याकाठी सात घरं होती.

साहेबांचं गणित सांगत होतं, गाळ नऊ मिनिटांत घरांपाशी पोचेल. मग हातात घड्याळ धरून ते एकेका घरातल्या माणसांबरोबर जवळच्या टेकाडापर्यंत चालले. शेवटच्या घरात एकटीच म्हातारी. तिला आठ मिनिटं लागली.

"म्हणजे आजी वाचल्या," मी म्हणालो.

म्हातारी हसली. "आन् म्हशीला कोन सोडील? तिला सोडल्याबगर मी नाय पलायची."

साहेबांनी तक्त्यात ओळ वाढवली: म्हैस सोडणे, दोन मिनिटं. बेरीज दहा झाली. खाली लिहिलं, बांध उतरवा.

खाणमालक ती ओळ वाचून हसत सुटला. आमच्या ऑफिसचे मालकही हसले. ओळ गेली, बेरीज आठवर आली, वस्ती सुरक्षित ठरली. साहेबांनी सही केली नाही, मालकांनी केली. तक्ता मीच पुन्हा लिहिला, सुबक अक्षरात. माझी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही.

साहेब जुना तक्ता घेऊन कचेऱ्या फिरले. सगळीकडे पोचेचा शिक्का तेवढा मिळाला. पावसाळा लागला तसे ते रोज वस्तीवर जाऊ लागले.

"आजी, म्हैस वर टेकाडावर बांधा हो. पाया पडतो तुमच्या."

"वर पानी कोन पाजील तिला, बाबा?"

मग साहेब स्वतः बादल्या वर नेऊन ठेवायचे. पण पाऊस जोराचा असला की म्हातारी तिला गोठ्यातच ठेवायची.

श्रावणात, तशाच पावसात, सकाळी बांध फुटला. साहेबांनी चालवून दाखवलेल्या वाटेने सहा घरांतली माणसं टेकाडावर पोचली. म्हैसही पोचली. म्हातारी आली नाही.

त्यानंतर साहेब ऑफिसात आले नाहीत. आठवड्याने मी नायगावला गेलो, तर खोलीला कुलूप. कुठे गेले, शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

मला आठवतात ते बांध फुटला त्या दुपारचे. टेकाडावर भिजत बसलेले, कमरेपर्यंत गाळाने माखलेले. म्हशीच्या गळ्यातलं दावं काढून त्यांनी एका बुंध्याला बांधलं होतं आणि तीच गाठ ते सोडवत होते. बोटं सोलली होती. मी खांद्याला हात लावला.

"साहेब, चला आता."

त्यांनी वर पाहिलं नाही. गाठ सुटली तेव्हा मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"चार," ते म्हणाले. "ओल्या दाव्याला चार लागतात. मी दोनच धरली होती."