डॉक्टरांचे अर्धे म्हणणे

बोरिवलीच्या वझिरा गावात सुगंधाबाई राहतात. त्या भंडारी समाजाच्या असून मी त्यांचा शेजारी आहे. आरंभीच नमूद करतो की मी माळकरी आहे, मद्याला मी कधी स्पर्श केलेला नाही आणि दारूबंदी मला मान्य आहे. तरीही पुढील हकीकतीत मी सुगंधाबाईंच्या बाजूने उभा आहे.

त्यांचे यजमान अनंतराव ताडावर चढून ताडी काढीत. सायंकाळी एक गडू स्वतः पीत आणि जेवून झोपत. दारूबंदी आली तेव्हा काम आणि गडू दोन्ही एकदम गेले. औषधाच्या दुकानात मात्र आल्याचे टिंक्चर उघडपणे मिळत असे. ते मद्यार्कात उतरवलेले पोटदुखीवरचे औषध. लोक त्याला ‘जिंजर’ म्हणत आणि नशेसाठी बाटलीच्या बाटली रिचवीत. कायद्याच्या दृष्टीने ताडी ही दारू होती आणि जिंजर हे औषध होते. अनंतराव जिंजर पिऊ लागले आणि त्यातच वारले.

तेरावे होताच बाई त्या दुकानापुढे उभ्या राहू लागल्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत, "पोट दुखत असेल तर घे. नाहीतर माझ्या कपाळाकडे बघ आणि घरी जा."

दुकानदार वैतागला. "बाई, धंद्याच्या वेळेला मध्ये उभ्या राहू नका."

"माझा माणूस याच वेळेला यायचा, शेठ. त्याला नाही कधी म्हणालात, मध्ये उभा राहू नको."

पुढे सरकारने डॉक्टरांचे एक मंडळ नेमले. कोणता पदार्थ कोणत्या वर्गात घालावा, याविषयी त्याने अभिप्राय द्यावयाचा होता. त्या अभिप्रायाची बातमी आमच्या प्रौढ वर्गात शिकवणाऱ्या उत्तराबाईंनी वाचून दाखवली; सुगंधाबाईही तेव्हा वर्गात होत्या. टिंक्चर हे नावालाच औषध आहे, त्यावर दारूप्रमाणे बंदी घालावी, असे डॉक्टरांनी म्हटले होते. त्याचबरोबर, ताडी ही सौम्य आहे, तिला हातभट्टीच्या पंक्तीला बसवू नये, तिच्यासाठी वेगळा वर्ग करावा, असेही म्हटले होते. सरकारने टिंक्चरविषयीचे म्हणणे तत्काळ मान्य केले. ताडीविषयी एक अक्षर काढले नाही.

टिंक्चर बंद झाल्यावर दारूबंदी समितीचे चिटणीस श्यामकांत बाईंकडे आले. ते कचेरीत नोकरी करणारे सज्जन गृहस्थ आहेत. स्टेशनाजवळ नीरेचे केंद्र निघणार होते. नीरा म्हणजे ताडाचा न आंबलेला गोड रस; तो विकण्यास परवानगी होती. ते केंद्र बाईंना मिळवून देण्याचे त्यांनी कबूल केले. बाईंना दुसरा आधार नव्हता. बदल्यात समितीच्या सभेत सत्कार स्वीकारून दारूविरुद्ध चार शब्द बोलावे, एवढीच अपेक्षा होती.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. दारूबंदी खात्याचे एक अधिकारी अध्यक्ष होते. बाईंना नारळ व लुगडे देण्यात आले. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जिंजर बंद केलंत, बरं केलंत. डॉक्टरांचं ऐकलंत. मग ताडीचं त्याच डॉक्टरांनी सांगितलं, ते का नाही ऐकलं?"

मागून गावातला बाळा ओरडला, "काय गं वहिनी, तहान लागली काय?" लोक हसले.

"मला नाही लागली रे. ज्याला लागायची तो गेला. ताडी मिळत होती तोवर जिवंत होता."

अधिकारी शांतपणे म्हणाले, "बाई, सरकार तज्ज्ञांचा सल्ला घेतं. तो सगळा मानलाच पाहिजे असं नाही."

"नका मानू. सरकार तुम्ही आहात. पण का मानला नाही ते सांगा. तेच डॉक्टर एका गोष्टीत शहाणे आणि दुसऱ्या गोष्टीत येडे, असं कसं?"

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले. आभारप्रदर्शन झाले.

दुसऱ्या दिवशी श्यामकांत पुन्हा आले. मी तेव्हा बाईंच्या ओटीवर बसलो होतो.

"तुमचं बोलणं वरपर्यंत गेलंय, बाई. पुढच्या सभेत एवढंच म्हणा, की भावनेच्या भरात बोलले. केंद्र तुमचंच आहे."

"भावनेच्या भरात? मी तर चांगला विचार करून बोलले, भाऊ."

"अहो, ताडी सुटली तर लोक पिणार नाहीत का?"

"पितील. काही जण बिघडतीलही. ताडी म्हणजे देवाचं तीर्थ असं मी कुठं म्हटलं? डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही."

"मग केंद्र दुसऱ्याला द्यावं लागेल."

"द्या. नीरा कुणीही विकेल."

ते गेल्यावर मी विचारले, "सुगंधा, चूल कशी पेटेल?"

"चूल माझी आहे, धाकूदादा, मी पेटवीन. तू फक्त मला वेडी म्हणू नकोस."

मी तसे म्हटले नाही. मला स्वतःला ताडी नको आहे. परंतु सल्ल्यातील सोयीचा तेवढाच भाग जे सरकार उचलते, ते आपल्या आधीच ठरलेल्या मतावर डॉक्टरांची सही घेत असते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

केंद्र दुसऱ्यास मिळाले. बाई आता माडाच्या हिरांचे खराटे बांधून बाजारात विकतात. समितीची सभा असली की हातातले काम ठेवून जातात आणि तोच प्रश्न विचारतात. मागच्या सभेत अधिकाऱ्यांनी त्यांना पाहताच आपण होऊन सांगितले, "बाई, तो विषय विचाराधीन आहे."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "विचार कोण करतंय, त्याचं नाव सांगा. मी त्याच्याकडे जाते."

अधिकारी कागद चाळू लागले. श्यामकांतांनी बाईंना खाली बसण्याची खूण केली. बाई बसल्या नाहीत. तेव्हा मीही उठून त्यांच्याशेजारी उभा राहिलो आणि नाव विचारले.