करंट

बाबांच्या मेंदूत दोन तारा घातल्या, छातीत कातडीखाली बॅटरी बसवली आणि कंपवातानं नाचणारा त्यांचा उजवा हात एकदाचा थांबला. बदल्यात जीभ जड झाली. करंट कमी केला की शब्द मोकळे व्हायचे आणि हात पुन्हा सुरू. डॉक्टरांनी रिमोट दिला, म्हणाले, दोन्हींपैकी काय हवं ते बघून ठरवा. ठरवत होतो आम्ही घरचेच. बाबांना कोण विचारतंय!

बाबा मास्तर. राळेगावकडच्या आमच्या बौद्ध वस्तीत लग्न असो की मरण, त्रिशरण-पंचशील तेच द्यायचे. कापसाच्या त्या वाईट वर्षांत बोलावणी आली ती बहुतेक मयतीचीच. म्हणून माझं लग्न ठरल्यावर ते आईला म्हणाले, "पोरीच्या लग्नात मीच म्हनीन. हात हालन तं हालू दे."

मांडवात त्यांनी करंट उतरवला. आवाज असा खणखणीत लागला की मागची माणसंही गप्प झाली. आम्ही नवरा-नवरी त्यांच्यामागून एकेक शील म्हणू लागलो. पण हात उडत होता. माइक त्यांच्याच दातांवर आपटे आणि स्पीकरमधून टकटक ऐकू येई. वऱ्हाडातली पोरं फिदीफिदी हसली. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आमाले तं कोनं सांगतलंच नाही. पोरीलेबी होते का हे?"

मला लाज वाटली. बापाची लाज, सरळच सांगते. चौथं शील चाललं होतं, खोटं न बोलण्याचं. मी पुढे झाले, बाबांना मिठी मारली, त्यांच्या खिशातला रिमोट काढला, बॅटरीवर टेकवला आणि करंट चढवला. बटणं मला पाठ होती.

हात थांबला. पाचव्या शीलाचा एकही शब्द कोणाला कळला नाही. दोघा-तिघांनी पुढे होऊन बाबांना खुर्चीत बसवलं आणि माइक दुसऱ्याच्या हाती गेला. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. आत्या तर हुंदके देत म्हणाली, "पाह्य भाऊ, किती जीव हाय पोरीचा तुह्यावर!"

बाबा माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटले. मला ती जड जीभ कळायची. "पुरं करू दे वं माय," ते म्हणत होते.

"काय म्हन्ते भाऊ?" आत्यानं विचारलं.

"आशीर्वाद देऊन राह्यले," मी म्हटलं.