बदलीवरचा माणूस

भिवंडीतल्या नारपोलीतून निघालो तेव्हा माझ्या डोळ्यांवर गॉगल होता, गळ्यात तीन हार होते आणि बॅगेत चार किलो चिवडा. लग्नातसुद्धा मी एवढा सजलो नव्हतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी टाइल्स बसवणारा माणूस विमानाने इस्राएलला चाललाय, मग गल्लीला तमाशा नको? रिक्षात बसताना मीही मंत्र्यासारखा हात हलवून घेतला. आई म्हणाली, "तिथं कुनाच्या भांडनात पडू नको. तुला सवय हाय." शेजारचे युनूसभाई, ज्यांच्या कारखान्यात बाबांनी आयुष्यभर कापडाचा लूम चालवला, ते रिक्षाचा दांडा धरून हळूच बोलले, "जिसकी जगह जा रहे हो, उसका नाम तो पूछ लेना."

ते ऐकल्यावर गॉगल मी मानकोली नाका यायच्या आतच काढला.

गल्लीवाल्यांनो, आता माझ्या बोलण्यात सारखं 'यल्ला' येतं, म्हणजे आटपा. भोंगा झाला की मी 'ममाद'मध्ये, म्हणजे जाड भिंतींच्या खोलीत पळतो. आपल्याकडे भोंगा झाला की शिफ्ट सुटायची. इथे भोंगा म्हणजे रॉकेट येतंय.

पूर्वी हे काम वेस्ट बँकमधले पॅलेस्टिनी कारागीर करायचे. लढाई पेटली, त्यांचे परवाने रद्द झाले, इकडे यायचं गेट बंद झालं आणि त्यांच्या जागांवर आमच्यासारखे आले. अशाच एका अर्धवट बाथरूममध्ये भिंतीवर पेन्सिलच्या खुणा होत्या. पाण्याचा उतार कुठून धरलाय ते कोणालाच कळेना. शेवटी आमच्या फोरमनने, यारोनने, खुणा करणाऱ्यालाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्याचं नाव अबू समीर.

कामापुरती हिब्रू मला कळते. अबू समीरने उतार समजावला. मग यारोन म्हणाला, मुलगा पुन्हा सैन्याच्या ड्युटीवर गेलाय, झोप लागत नाही. तुमच्या बाजूला समेटाचं बोलायचं तरी कोणाशी?

"मला विचारतोस? मी एकदाच मत दिलं, तेव्हा समीर मांडीवर होता," अबू समीर म्हणाला. "आता तो दाढी करतो. त्याने मतपेटी पाहिलेली नाही. आमचे नेते आपसात भांडले, म्हातारे झाले, पण खुर्ची काही सोडत नाहीत. तू तर सारखा निवडतोस. मग तुझा मुलगा घरी का नाही?"

यारोन लेव्हलच्या पट्टीची काच पुसत राहिला. "मी मत दिलं तो हरला."

"निदान हरला तरी. आमच्याकडे कोणी हरतही नाही," अबू समीर हसला.

मी, एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा, आईची आज्ञा पाळत होतो. पण अबू समीरने विचारलंच, "माझ्या जागेवर आता कोण आहे?" मग मोडक्या हिब्रूत, त्याला दिसत नसतानाही हातवारे करत, मी त्याला भिवंडी सांगितली. माणूस गावी गेला की त्याच्या लूमवर बदलीवाला उभा राहतो. तो सेटिंग बदलत नाही, आणि मूळ माणूस आला की बाजूला होतो. मी बदलीवर आहे.

त्याने 'बदली' हा शब्द एकदा स्वतः म्हणून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी परत येईन असं तू धरून चाललायस. इकडे माझ्या घरातही असं कोणी म्हणत नाही."

केवढा डायलॉग मारला मी! पण लेकीच्या नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू आहे, फी इथल्याच पगारातून जाते. समेट झाला, गेट उघडलं, तर मला बॅग भरायची. नाही उघडलं तर भोंगा.

बायको, सुनंदा, फोनवर विचारते, घरी कधी? पूर्वी मी नुसती तिकिटाची तारीख सांगायचो. आता वाटतं, हवं तेव्हा परत जाता येतं म्हणून नारपोली माझं घर. यारोन रात्रभर घरातच बसून मुलाच्या फोनची वाट बघतो आणि अबू समीर घरातच बसून गेटची. दोघे घरीच आहेत, पण निवांत कोणीच नाही.

रोज सकाळी मी यारोनला विचारतो, गेट उघडलं का? तो म्हणतो, अजून नाही. क्षणभर मला हायसं वाटतं. आणि हे असं वाटत असताना मी कोणत्या तोंडाने घरी येऊ, ते मला कळत नाही.