अक्काकडे भरलेले हप्ते

अक्का गेल्याचा फोन धुळ्याहून आला, तेव्हा मी आधी विचारलं, "कोण बोलतंय?" पलीकडे अक्काचाच मुलगा होता. आवाज ओळखीचा, तरी मी फोन ठेवला, आपल्या हातानं त्याचा नंबर फिरवला आणि पुन्हा विचारलं. तो रडता रडता म्हणाला, "मामी, आता तरी खरं धर." पण ही खोड मला त्याच्याच आईनं लावलेली. समोरचा गोड बोलला की आधी आपली पिशवी चाचपायची, ही अक्काची रीत... आता महिना झाला, तरी अक्का कुठेतरी दाराआडून बघते आहे, असाच मला संशय येतो.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही नवराबायको धुळ्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि ती मागच्याच गल्लीत. हे तेलाच्या मिलमध्ये कामाला. मी शिंप्याकडून काज-बटणाची कामं आणायचे. मेहनत माझी, ब्लाउजची शिलाई त्याची. स्वतःचं मशीन असतं तर अख्खा ब्लाउज माझा झाला असता. तेव्हा बाजारात एका दुकानावर पाटी लागली, 'थोडे भरा, घरी न्या'. मी इतकी शहाणी की मशीनच्या आधी मशीनचं कव्हर शिवून मोकळी झाले, तेही झालर लावून. अक्कानं ते कव्हर उलटंपालटं करून पाहिलं नि तिच्या अहिराणीत म्हणाली, "तुना जोडे पैसा शे, का नुसती हौस शे?" जोडे म्हणजे जवळ.

मग तिनं अट घातली. आधी तीन महिने दुकानाइतकाच हप्ता तिच्याकडे भरायचा. मशीन नाही, काही नाही, नुसता हप्ता. "मीच दुकान शे, असं समज." मला वाटलं, झालं, नणंदबाईंनी कमाईचा धंदा काढला. पहिला हप्ता तणतणत दिला. दुसऱ्या महिन्यात सोनगीरला लग्न निघालं, मी नायलॉनची साडी घेतली नि हप्ता राहिला. दुसऱ्या दिवशी अक्का लोटगाडी घेऊन दारात हजर. आमचा लोखंडी पलंग तिनं अख्ख्या गल्लीदेखत गाडीवर चढवला. हे म्हणाले, "अक्का, आम्ही झोपायचं कुठं?" ती म्हणाली, "दुकानवाला इचारस का?"

लग्नाला वर्ष झालेलं नाही, आणि पलंग नणंदेच्या घरी... शेजारणींनी जे हसायचं ते हसून घेतलं. मी मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी भाजीच्या निमित्तानं तिच्या अंगणात डोकावले, तर आमच्या पलंगावर धोतर पसरून बिबडे, म्हणजे ज्वारीचे लसूण घातलेले पापड, वाळत घातलेले. म्हणजे शिकवण की बिबड्यांची सोय, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नाही. हप्ता भरून पलंग सोडवला, तर महिनाभर उशाला लसणाचा वास. आणि तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले, ते वेगळंच.

तिन्ही भरल्यावर ती माझ्याबरोबर दुकानात आली. दुकानदारानं सरबत मागवलं. अक्कानं पेल्याला हात लावला नाही. "रोख दिधा तं कितला?" तिनं विचारलं. तो आकडा हप्त्यांच्या बेरजेपेक्षा बराच खाली होता. मग म्हणाली, "एखादा हप्ता चुकला तर?" तो हसला, "ताई, आपण घरचीच माणसं." "घरनाच शेतस ना? मंग लिखी द्या." त्यानं काही लिहून दिलं नाही. सरळ सांगितलं, लागोपाठ दोन चुकले की मशीन परत, भरलेले गेले. मला वाटलं, अक्का आता उठणार. पण ती मला म्हणाली, "आता खरं बोलना," म्हणजे बोलला, आणि माझ्या साठलेल्या पैशांतून पहिली रक्कम मोजून दिली. म्हणजे हप्ते कमी. फक्त एका महिन्याचे पैसे तिनं मागेच ठेवले. त्यांचं ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही, पण मनात धरलं. तिच्या हातात नव्या पाटल्या दिसल्या की मी मनातल्या मनात माझे पैसे त्यात मोजायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मिल बंद पडली. एक हप्ता चुकला, दुसऱ्याची तारीख आली, आणि दुकानाचा माणूस गाडी घेऊन दारात उभा राहिला. मशीनवर गल्लीतले सात ब्लाउज अर्धवट पडले होते. मी मशीनला धरून उभी. तेवढ्यात अक्का आली, पदराच्या गाठीतून पैसे काढले, त्याला दिले, पावती मागून घेतली, उजेडात धरून पाहिली. तो गेल्यावर मला म्हणाली, "तुनाच पैसा शे. रडू नको. पुढला महिनामा भरीसन ठेव माझ्याजवळ."

ब्लाउज शिवून मी तो मागे ठेवलेला हप्ता तिच्याकडे पुन्हा भरला. मशीन फिटेपर्यंत एक हप्ता तिच्याकडे कायम होता, आणि मशीन फिटल्यावर तो तिनं परत दिला... सुट्या नोटांत. मी दिलेल्या नोटा काही त्या नव्हत्या.

गेल्या आठवड्यात नातीनं हप्त्यावर स्कूटर घेतली. मी तिला रोख किंमत विचारायला लावली, आणि एक हप्ता आगाऊ माझ्याकडे ठेवायला सांगितलं. ठेवला बिचारीनं, पण रात्री आजोबांना हळूच विचारत होती, "आजी ते पैसे नक्की ठेवते कुठं?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यातले दोनशे परवाच गॅसवाल्याला गेलेत. भरीन परत, तिला कळायच्या आत. अक्काही असंच भरत असणार.